मायनर म्हणजे रडका सूर?

ईस्टरच्या मिस्सेत मायनरमधील गीत नको, तो रडका सूर आहे, असा निर्णय आपल्या गायकवृंदांतील काही कीबोर्डवादक आता बिनदिक्कत देऊ लागले आहेत. या मताला आमचा स्पष्ट विरोध आहे. त्यापायी कित्येक चांगली भक्तिगीते वह्यांतून गळत आहेत.

धरणगावातील कोणत्याही भजनी मंडळाची पेटी पुढे ओढावी. पांढरी एकला षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की बिलावल, म्हणजेच पाश्चात्त्यांचा मेजर. पट्ट्या त्याच ठेवून षड्ज पांढरी सहावर नेला की नैसर्गिक मायनर उभा राहतो. पट्टी एकही बदलली नाही. षड्ज हलल्याने अंतरे बदलली आणि गंधार, धैवत, निषाद कोमल झाले. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपल्या दहा थाटांत यालाच आसावरी म्हटले. जौनपुरी ऐकलेल्या खानदेशी कानाला हे परके कसे?

रडकेपणाचा आरोप तर चर्चच्या गायनपरंपरेतच टिकत नाही. ईस्टर रविवारचे प्राचीन लॅटिन स्तोत्र ‘विक्टिमे पास्काली लाउडेस’ हे ग्रेगोरियन गायनाच्या आठ स्वरप्रकारांपैकी पहिल्यात बांधलेले आहे. त्याचे गंधार-निषाद कोमल. मायनरशी फरक फक्त धैवताचा. पुनरुत्थानाचा जयघोष शतकानुशतके कोमल गंधारावर झाला, तेव्हा कोणी रडले नाही! याच धरणगावात १८९० साली जन्मलेल्या बालकवींनी ‘फुलराणी’ आणि ‘औदासीन्य’ एकाच बाराखडीत लिहिली. म्हणून बाराखडीला कोणी उदास ठरवले काय?

खरा दोष संगतीत आहे. पंचमावर आले की वादकाचे बोट सवयीने मेजर स्वरसंघावर पडते. त्यात शुद्ध निषाद असतो आणि मंडळी गात असतात कोमल. दोन निषाद एकमेकांवर आदळतात, गीत बेसूर होते आणि ठपका मायनरवर येतो. शुद्ध निषाद हा ‘हार्मोनिक’ मायनरचा, आपल्या कीरवाणीचा. तेथे तो शोभतो, कारण षड्जाकडे ओढ लावणे हेच त्याचे काम. नैसर्गिक मायनरमध्ये पंचमावर कोमल निषादाचाच स्वरसंघ हवा. तो जमत नसेल तर नुसता षड्ज-पंचम धरावा.

येत्या उपवासकाळात कीबोर्ड झाकून ठेवून तंबोऱ्यावर चार तालमी घ्याव्यात. ईस्टरसाठी काय वगळायचे, याचा वाद आम्ही त्यानंतर आनंदाने घालू.