निषेधाच्या यादीतून गाळलेली नावे

कलावंताने राजकीय भूमिका घ्यावी काय, हा प्रश्न सोलापुरात विचारणेच व्यर्थ आहे. येथील नाट्यगृहाचे नावच मुळी ‘हुतात्मा स्मृती मंदिर’! ज्या शहरावर इंग्रजांनी मे १९३० मध्ये लष्करी कायदा लादला आणि ज्याचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर चढले, त्या शहराची रंगभूमी राजकारणापासून सोवळी राहील कशी? खरा प्रश्न निराळाच आहे. कलावंताच्या, विशेषतः स्त्री कलावंताच्या धैर्याला दाद देणारे ती कोणत्या निकषावर देतात?

‘स्त्री, कला आणि संघर्ष’ अशा विषयांवर आपल्याकडे परिसंवादांचे पीक उदंड येते. त्यांतील नामावळी बहुधा ठरलेली असते. सत्तेला जाब विचारणाऱ्या स्त्रीचा गौरव अवश्य व्हावा. परंतु सत्ता कोणाची होती हे पाहून गौरवाचा हात आखडता घेतला जात असेल, तर त्याला कलाप्रेम म्हणत नाहीत. ते पक्षकार्य होय.

या यादीतून गाळलेले पहिले नाव लता मंगेशकर यांचे. दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या जोखडातून सोडविण्याचा संकल्प सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा निधीचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी १९५४ साली पुण्यात हिराबागेत लताबाई गायल्या. त्याच वर्षी २ ऑगस्टला आझाद गोमंतक दलाच्या आणि संघाच्या स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केले. परकीय सत्तेविरुद्धच्या सशस्त्र लढ्याच्या पाठीशी आपला कंठ उभा करणे, ही राजकीय कृती नव्हे तर काय? तरीही ‘संघर्षाची कला’ म्हटले की हा प्रसंग कोणालाच कसा आठवत नाही?

दुसरे नाव दुर्गाबाई भागवत यांचे. डिसेंबर १९७५. देशावर आणीबाणीची काळी छाया. साहित्य संमेलन कराडचे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या कर्मभूमीतले. केंद्रीय मंत्री असलेल्या यशवंतरावांच्या साक्षीने संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. भल्याभल्यांच्या लेखण्या म्यान झाल्या असताना ही विदुषी बोलली आणि १९७६ मध्ये तुरुंगातही गेली.

तिसरे नाव तर सोलापूरकरांनी विशेष जपावे. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू ज्या गल्ल्यांतून ऐकू येते, त्या या शहराला स्नेहलता रेड्डी परक्या नाहीत. ‘संस्कार’ या गाजलेल्या कन्नड चित्रपटाच्या त्या नायिका. पती पट्टाभिराम रेड्डी तेलुगू कवी. मे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. लालकृष्ण अडवाणी आणि मधु दंडवते ज्या बंगळुरूच्या कारागृहात स्थानबद्ध होते, तेथेच दम्याने जर्जर झालेल्या या अभिनेत्रीचे हाल झाले. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटल्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांनी प्राण सोडला. त्या समाजवादी होत्या, संघविचाराच्या नव्हत्या. म्हणून त्यांचे बलिदान आम्हाला कमी मोलाचे वाटावे काय? मुळीच नाही! पण ज्यांच्या विचारकुळातल्या त्या होत्या, त्यांनाच त्यांची आठवण अडचणीची का व्हावी?

कारण उघड आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर निषेधाचा गजर झाला. बांगलादेशातील हिंदूंचे हाल ‘लज्जा’मधून जगापुढे मांडणाऱ्या तस्लिमा नसरीन यांच्यावर ऑगस्ट २००७ मध्ये हैदराबादेत हल्ला झाला आणि नोव्हेंबरमध्ये डाव्यांच्या राजवटीत त्यांना कोलकाता सोडावे लागले, तेव्हा तो गजर तितका का घुमला नाही? फेब्रुवारी २०१३ मध्ये श्रीनगरच्या तीन शाळकरी मुलींना मुफ्तींच्या फतव्यानंतर आपले ‘प्रगाश’ हे वाद्यवृंद पथक बंद करावे लागले. ‘प्रगाश’ म्हणजे प्रकाश. तो विझला, तेव्हा आपल्या किती नाट्यगृहांतून मेणबत्त्या पेटल्या?

अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य अखंड असते. त्याचे ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे वाटे घालणारे त्याचे रक्षक नव्हेत, अडते आहेत.

सोलापूरच्या नाट्यसंस्थांना आमचे आवाहन आहे. येत्या २५ जूनला हुतात्मा स्मृती मंदिरात या तिघींच्या स्मरणाचा कार्यक्रम करा आणि त्यांच्या पंक्तीत तस्लिमांचे व त्या तीन अनाम मुलींचेही धैर्य सांगा. निमंत्रण डाव्यांनाही द्या. कोण येतो आणि कोण येत नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होईल.