आधी लाँचवरचा दिवा

घाटातल्या जलाशयांवर रात्रीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की पहिली मागणी होते ती धक्क्यावर मोठ्या दिव्याची. मागणी रास्त आहे, पण क्रम चुकतो. कोयनेच्या शिवसागरासारख्या पाण्यावर पहिला दिवा लाँचवर हवा, दुसरा तरंगत्या बोयावर, आणि धक्क्याचा त्यानंतर.

कारण इथे काठ एका जागी राहत नाही. ऑक्टोबरात तापोळ्याला काठोकाठ असलेले पाणी मे महिन्यात उतारावरून पार खाली गेलेले असते. 105 टीएमसीचे हे धरण वीज आणि सिंचनासाठीच रिते होते. भरल्या पाण्याचा विचार करून बसवलेला दिवा उन्हाळ्यात चालकाला ज्या रेषेवर बोलावतो, तिथे गाळ असतो, कधी बुडालेल्या गावाचा चौथरा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बोडेन सरोवरावर काठाचे नारिंगी दिवे मिनिटाला 40 वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याची सूचना आणि 90 वेळा लुकलुकले तर वादळाचा इशारा असतो. वाऱ्याची ही सूचना आपण जरूर उचलावी. कोयना, सोळशी, कांदाटीच्या खोऱ्यांत तिचा उपयोगच होईल. पण ते सरोवर नैसर्गिक आहे, त्याची पातळी वर्षभरात फार हलत नाही. वाट दाखवायचे काम काठावर सोपवणे त्यांना परवडते, आपल्याला नाही.

बोयाचेही गणित वेगळे आहे. भरल्या पाण्याच्या खोलीइतकी साखळी सोडली, तर पाणी उतरल्यावर ती सैल पडते आणि बोया ज्या खडकाची खूण म्हणून सोडला, त्यापासून दूर भरकटतो. साखळी ऋतूप्रमाणे आखडावी लागते, किंवा पातळीबरोबर ताण राखणारे वजन जोडावे लागते. हे काम ठेकेदाराच्या एका भेटीत संपत नाही. त्यासाठी काठावरचाच कुणीतरी नेमलेला हवा.

आता लाँच. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येकी 112.5 अंशांत दिसणारा. मागे 135 अंशांचा पांढरा. हे अंश उगाच ठरलेले नाहीत. समोरून लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर बोट थेट आपल्यावर येते आहे, हे क्षणात कळते. अशा वेळी दोघांनीही उजवीकडे वळायचे. सागरी नियमांनुसार 12 मीटरपेक्षा लहान यांत्रिक बोटीला बाजूच्या दिव्यांसोबत चहूकडून दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. आपल्या बहुतेक बोटी याच मापाच्या, त्यामुळे खर्चाची सबब टिकत नाही. 2021च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने दिवे आणि संकेतांचा विषय स्पष्टपणे हाती घेतला आहे. तरीही टपावर रंगीत एलईडीच्या माळा आणि नाळेवर झगझगीत फोकस दिसतो. माळांत लाल-हिरवा हरवतो. फोकसने समोरचा चालक दिपतो आणि आपलीही अंधाराला सरावलेली नजर जाते. ती पुन्हा सरावायला वीसेक मिनिटे लागतात. पलीकडच्या तीरावर कोयना अभयारण्य आहे, तिथल्या जनावरांनाही त्या प्रकाशाचा त्रास.

सहलीची लाँच अंधारात सोडूच नये, हे आमचे मत कायम आहे. पण पलीकडच्या गावातली अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस उजाडायची वाट पाहू शकत नाही. त्या फेरीसाठी हे दिवे रोज चालू स्थितीत हवेत.

मे महिन्यात पाणी खाली गेले की उघडे पडलेले खडक, खुंट, चौथरे जीपीएसवर नोंदवा, पातळीच्या आकड्यासह. बोये कुठे सोडायचे हे त्या नोंदींवरून ठरेल. धरण व्यवस्थापन आणि बोट क्लब यांनी पाऊस सुरू होण्याआधी एकत्र बसून ती यादी पक्की करावी.