अकरावा प्रश्न

चार दिवसांपूर्वीं पदवीवर्गांतील एक विद्यार्थी आमच्या घरीं आला. समाजशास्त्राच्या प्राध्यापकाची मुलाखत घ्यावी, असें काम त्यास वर्गांत मिळालें होतें. त्याजपाशीं दहा छापील प्रश्न होते : या विषयाकडे कसे वळलांत, वेतन समाधानकारक आहे काय, पुढें वाव कितपत, इत्यादि. पाऊण तासांत त्यानें दहाहि उत्तरें उतरून घेतलीं. एकाहि उत्तरावरून त्यास अकरावा प्रश्न सुचला नाहीं.

आमचे एक स्नेही म्हणतात, "मुलांना पोटाची चिंता आहे. त्यांना नोकऱ्यांची व स्पर्धापरीक्षांची यादी द्यावी, म्हणजे वर्ग भरतील." पोटाची चिंता आम्ही क्षुद्र मानीत नाहीं; पगाराची तारीख आम्हांसहि पाठ आहे. परंतु या युक्तीनें वर्ग भरतील आणि शास्त्र रिकामें होईल, असें आमचें स्पष्ट मत आहे. दुसऱ्याचें बोलणें ऐकून घेणें हेंच ज्या शास्त्राचें मुख्य हत्यार, त्याच्याच विद्यार्थ्यास ऐकतां येऊं नये, यापरतें दारिद्र्य तें कोणतें?

मुंबई विद्यापीठांत हा विभाग १९१९ सालीं पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखालीं सुरू झाला व १९२४ पासून डॉ. घुर्ये यांनीं तो वाढविला. घुर्यांचे शिष्य श्रीनिवास १९४८ सालीं म्हैसूरकडील एका खेड्यांत जाऊन राहिले. त्या पाहणीच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० सालीं कॅलिफोर्नियांत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. तरीहि मुख्यतः स्मरणाच्या बळावर लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यानें केवळ रकाने भरले, त्याच्याजवळ जळाल्यावर काय उरतें? घुर्यांच्याच विद्यार्थिनी इरावतीबाई कर्वे पालखीबरोबर पंढरीची वाट चालल्या. एकाच दिंडींत अभंग एक, परंतु ब्राह्मण व मराठे यांच्या पंगती निराळ्या, हें त्यांस तेथें दिसलें. 'आपण भेद पाळतां काय?' असा छापील प्रश्न टाकला असतां, तर बहुतेकांनीं कानांवर हातच ठेवले असते.

मग दोष त्या मुलाचा काय? मुळींच नाहीं. ती यादी एका प्राध्यापकानेंच केली आणि दुसऱ्यानें, म्हणजे आम्हीं, तितकींच छापील उत्तरें दिलीं. निघतांना, चपला घालतां घालतां, मुलगा सहज बोलून गेला : दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीस जातात, तेव्हां धाकट्या बहिणीची शाळा सुटते. नवराबायको मिळून 'एक कोयता' धरून मुकादम उचल देतो, हें आम्ही वीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों; आणि त्या कोयत्याचें लेंकरूं पाऊण तास समोर बसलें असतां आम्ही त्यास स्वतःच्या वेतनश्रेणीची माहिती देत होतों!

म्हणून आमचें मागणें एवढेंच कीं, या याद्या बंद कराव्यात. विद्यार्थ्यानें मुलाखतींतून स्वतःस अनपेक्षित असें एक तरी उत्तर आणावें व त्यावरून सुचलेला प्रश्न लिहावा. गुण त्या प्रश्नास द्यावेत. वावाची चिंता करणारांस आम्ही सांगूं कीं, ज्यास माणसाचें ऐकतां येतें, तो कोणत्याहि कचेरींत निरुपयोगी ठरत नाहीं.

त्या मुलास आम्हीं रविवारीं पुनः बोलाविलें आहे. या खेपेस प्रश्न आम्ही विचारणार आहों.