शाळेतील यंत्रे सांभाळायची कोणी?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेत संगणकाची खोली असेल तर तिच्या दाराकडे एकदा नीट पाहा. दाराला कुलूप असते का? असल्यास किल्ली कोणाकडे असते? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्याच्या उत्तरावरून त्या शाळेत विज्ञान कसे शिकवले जात असेल याचा बराचसा अंदाज येतो, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून मी एका शाळेत गेले होते. संगणकाच्या खोलीत दहा संगणक होते आणि प्रत्येकावर धुतलेले कापडी आवरण होते. "मुलांना हात लावू देत नाही, म्हणून अजून नव्यासारखे आहेत," असे मला अभिमानाने सांगण्यात आले. मी एक संगणक सुरू करायला सांगितले. यूपीएसने दोनदा शिटी वाजवली आणि सारे बंद पडले. दुसऱ्याचे तेच, तिसऱ्याचेही तेच!

असे का व्हावे? यूपीएसमधील शिसे-आम्ल बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू आपोआप उतरत असते. उतरलेल्या स्थितीत ती महिनोन्महिने पडून राहिली, तर तिच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि मग ती पूर्ववत भारित होत नाही. म्हणजे ती यंत्रे वापरून बिघडली नव्हती, न वापरल्याने बिघडली होती. ज्याच्याकडे किल्ली होती त्याचे काम राखण करण्याचे होते, आणि ते त्याने चोख केले होते! चूक त्याची नव्हती. त्याला नेमून दिलेल्या कामाची होती.

आमच्या शाळेच्या वेळी संगणक नव्हता, पण प्रयोगशाळेत एक साहाय्यक होते. लेक्लांशे घटात नवसागराचे द्रावण भरणे, मीटर ब्रिजच्या तारेची टोके पॉलिश कागदाने घासणे ही त्यांची कामे. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलेना, की ते सरांच्या आधी आमच्यापाशी येत आणि विचारत, "आधी सांगा, कुठली जोडणी सैल असेल?" विद्युतमंडलाचा पहिला खरा धडा मी त्यांच्याकडून शिकले. आज ज्याला 'तंत्रसाहाय्य विभाग' म्हणतात, त्याचे हे मूळ रूप होय.

यंत्र घेणे सोपे आणि चालू ठेवणे कठीण, हे आपल्या देशाला फार पूर्वीच कळले आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवले गेले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. सुमारे तीन मीटर व्यासाची जाळीची अँटेना आणि एक सामुदायिक संच, एवढी प्रत्येक गावाची सामग्री. उपग्रहाचे कौतुक सर्वांनी केले. पण वीज आणि रस्ते यांची वानवा असलेल्या गावांत संच दुरुस्त करणारी माणसे पोहोचवण्याची व्यवस्था 'इस्रो'ला प्रयोगाचाच भाग म्हणून उभारावी लागली. ती नसती तर उपग्रह आकाशात आणि संच अंधारात, अशी गत झाली असती.

आता बिघाडाचे स्वरूपही पालटले आहे. पूर्वी फ्यूज उडे, तार तुटे. दोष डोळ्यांना दिसे. आज यंत्र धडधाकट असूनही निकामी ठरू शकते. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या संगणकांवर पुढची आवृत्ती चालत नाही, ते भंगारात घालायचे, की त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून आणखी काही वर्षे वापरायचे? शिवाय मुलांची नावे, गुण, छायाचित्रे संगणकात साठतात. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे. ते शाळेत कोण पाळणार? हे निर्णय केवळ पेचकस चालवणाऱ्याचे नाहीत. तेव्हा तंत्रसाहाय्यकाला शिक्षकांच्या बैठकीत खुर्ची मिळायला हवी.

या बाबतीत केरळचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्पाने शाळाशाळांत एका शिक्षकावरच संगणकाच्या समन्वयाची जबाबदारी सोपवली आणि मुक्त प्रणालीचा अंगीकार केला. २०१८ पासून 'लिटल काइट्स' ही विद्यार्थ्यांची मंडळे निघाली. त्यांतील मुले तंत्र शिकतात आणि वर्गातील उपकरणांच्या देखभालीत हातभारही लावतात. म्हणजे 'विभाग' एका खोलीतून निघून वर्गात आला.

"मुलांनी बिघडवले तर?" असा प्रश्न शिक्षक विचारतील. तो रास्त आहे, कारण शाळेत पैशाची चणचण असते आणि हिशेब मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो. धोकाही खरा आहे. आपल्या घरातील २३० व्होल्ट हे वर्गमध्यमूळ मूल्य. दाबाचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतील संधारित्र तेवढ्या किंवा त्याहून अधिक दाबाला भारित होतात आणि पिन काढल्यावरही काही काळ भार धरून ठेवतात. ती पेटी विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. पण पंख्यावरची धूळ काढणे, जोडण्या तपासणे, प्रणाली बसवणे यांत असे काय आहे, जे नववीच्या मुलामुलींना देखरेखीखाली जमणार नाही?

आणि यात विज्ञान भरपूर आहे. पडद्यावर चित्र येत नाही. मग दोष वीजपुरवठ्यात, तारेत, की मांडणीत? एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा आणि काय होते ते लिहा. प्रयोगशाळेत आम्ही शिकवतो ती रीत याहून निराळी नाही. महाविद्यालयात माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना ओहमचा नियम तोंडपाठ असतो. पण दिवा लागला नाही, की ते हात बांधून कोणीतरी येण्याची वाट पाहत उभे राहतात. मला खरी चिंता या उभे राहण्याची वाटते. नियम पाठ असून हात पुढे होत नसतील, तर आम्ही शिक्षकांनी शिकवले तरी काय?

तेव्हा मित्रांनो, सुरुवात एका वहीपासून करा. 'दुरुस्ती-वही' असे तिला नाव द्या. काय बिघडले, काय तपासले, दोष कुठे सापडला, हे तारखेसह लिहा. ती वही घेऊन सरांकडे किंवा बाईंकडे जा आणि आठवड्यातून एक तास मागा. शिक्षकबंधुभगिनींनाही विनंती, की तो तास द्यावा. एखादा संगणक बिघडेलही. पण तो आवरणाखालीही बिघडतोच. हाताळून बिघडला, तर निदान कोणीतरी काहीतरी शिकलेले असेल.