प्रोस्टेट कर्करोगाच्या तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, अहिल्यानगर

विषय : लघवीचा त्रास असलेल्या ज्येष्ठ पुरुषांची रीतसर प्रोस्टेट तपासणी व्हावी.

महोदय,

शासनाच्या असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात तिशीपुढच्यांची मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या कर्करोगांसाठी तपासणी होते. प्रोस्टेट त्यात नाही. 1 जून 2017 पासून शेतकरी संप पुकारणारे आमचे गाव मागणी करायला कचरत नाही. पण लघवीची धार बारीक झाली, रात्री चार वेळा उठावे लागते, हे इथला म्हातारा माणूस घरातही बोलत नाही. लघवी तुंबली की मग लोणी नाहीतर शिर्डीचे रुग्णालय गाठायचे.

सरसकट सगळ्यांचे रक्त काढणारे शिबिर आम्हाला नको. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा मिलिलिटरमागे 4 नॅनोग्रॅमच्या वर गेला म्हणजे कर्करोगच, असे नसते. वयोमानाने वाढलेली ग्रंथी, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली लघवीची नळी यांनीही तो चढतो. उलट वाढलेल्या ग्रंथीसाठीची फिनास्टेराइडची गोळी सहा महिने चालू असेल तर तो साधारण निम्म्यावर येतो आणि रिपोर्ट फसवा निघतो. आकडा कमी म्हणून धोका टळला, असेही नाही. तरीही रुग्णाच्या हाती पडतो तो ठळक अक्षरांतला आकडा, आणि तो पाहून घरात रडारड सुरू होते.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी लघवीचा त्रास असलेल्या पुरुषांना आडोशाला, पुरुष डॉक्टरांकडून तपासावे. लघवीची तपासणी, गुदमार्गातून बोटाने ग्रंथीची तपासणी आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास पीएसए, असा क्रम असावा. चालू गोळ्या आणि नळीची नोंद रक्ताच्या चिठ्ठीवरच व्हावी. आकडा वाढलेला आला तर संसर्ग बरा करून काही आठवड्यांनी तो पुन्हा पाहावा. त्यानंतरही संशय राहिला तरच एमआरआय व बायोप्सीसाठी पाठवावे, कारण पक्के निदान बायोप्सीनेच होते. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला आहे, त्यांना त्रास नसला तरी पन्नाशीच्या आत सल्ला मिळावा.

पुढे पाठवताना नुसते ‘मोठ्या दवाखान्यात जा’ असे तोंडी सांगू नये. कोणत्या विभागात, कोणत्या वारी जायचे आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. एक दिवस बुडाला की मजुरीही बुडते.

पीएसए केंद्रात मोफत होते की नाही, याचा फलक दर्शनी भागात लावावा आणि केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर ग्रामपंचायतीकडे पाठवावे, ही विनंती.

आपले विनीत,
ग्रामस्थ, पुणतांबा, ता. राहाता