दर टाकीत स्ट्रेप्टोची पुडी कशाला?



ढगाळ हवा आली की डाळिंबवाल्यांच्या टाकीत स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पडतेच. तेल्या असो वा नसो. "असू द्या सोबत, नुकसान काय?" असं म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे, नुकसान आहे. का, ते कळायला हे औषध जिवाणूला मारतं कसं, ते बघू.

पुडीत दोन अँटिबायोटिक असतात. स्ट्रेप्टोमायसिन 90 टक्के, टेट्रासायक्लिन 10 टक्के. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, रायबोसोम. स्ट्रेप्टोमायसिन तिथंच जाऊन चिकटतं. मग कारखाना चुकीची प्रथिनं काढायला लागतो. ती पेशीच्या पडद्यात बसली की पडदा गळका होतो आणि जिवाणू मरतो. टेट्रासायक्लिन त्याच कारखान्याचा कच्चा माल अडवतं, त्यामुळं वाढ थांबते. बुरशीच्या कारखान्याची घडण वेगळी, तिथं याचं काही चालत नाही. म्हणजे बुरशीच्या करप्यावर, ठिपक्यांवर मारलेली पुडी पाण्यात गेली.

आता खरी गोम. स्ट्रेप्टोमायसिन चिकटतं ती जागा एकच. कोट्यवधी जिवाणूंत एखाद्याची ती जागा मुळातच जरा बदललेली असते. फवारणीत बाकीचे मरतात, तो उरतो आणि पुढं त्याचंच बेणं वाढतं. जितक्या जास्त फवारण्या, तितकी ही निवड पक्की. कॉपर जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्याला चुकवणं तुलनेनं अवघड.

हे नुसतं बोलणं नाही. अमेरिकेत नाशपातीच्या जिवाणूजन्य करप्यावर हेच स्ट्रेप्टोमायसिन फवारायचे. 1971 सालीच कॅलिफोर्नियात त्याला दाद न देणारे जिवाणू सापडले. शिवाय हे माणसाच्या टीबीवरचंही औषध आहे. म्हणूनच केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये शेतीतल्या या मिश्रणावर बंदीचा मसुदा काढला. दुकानदार देतोय म्हणून घेऊ नका, सध्याचा नियम आधी विचारा.

तेल्याचं खरं काम टाकीबाहेर आहे. रोगट फळं-फांद्या गोळा करून जाळा. छाटणीची कात्री दर झाडाला निर्जंतुक करा. छाटणीनंतर 1 टक्का बोर्डो घ्या. तेल्याच्या पट्ट्यात मृग सोडून हस्त बहार धरा. रोपं निरोगी बागेचीच आणा.

पुडी स्वस्त आहे हो, पण तिचा गुण एकदा गेला की पैसे देऊनही परत मिळत नाही.