संघ उभा राहिला, सूत्रं कुणाच्या हाती?

आमच्या वस्तीतल्या किशोरी गटासाठी मैदानी खेळ सुरू करायचं ठरलं, तेव्हा समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो मुलींना शिकवणार कोण याचा. दोन नावं पुढे आली. एक, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला तरुण मुलगा. दुसरं, अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एका ताईंचं. ताई पन्नाशी ओलांडलेल्या. शाळेत असताना त्या खो-खो खेळत, जिल्ह्याच्या सामन्यांपर्यंत जाऊन आल्या होत्या. नववीत लग्न झालं आणि खेळ संपला. प्रमाणपत्र विचारलं तर म्हणाल्या, "होतं की. माहेरच्या ट्रंकेत राहिलं, पुढं घर पडलं, त्यात गेलं." आम्ही त्या मुलाला नेमलं. ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला. ताईंकडे आम्ही मुलींना घरून मैदानावर नेण्या-आणण्याचं काम दिलं, तेही बिनमानधनाचं.

मुलगा चांगला आहे, काम बरं चाललं आहे. तरी तो वर केलेला हात मला टोचत राहिला. का टोचतो हे नीट उमगलं ते अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल प्रशिक्षक बाईंची हकिगत वाचताना. त्यांचं नाव मार्गारेट वेड. आडनावाचा आपल्याकडचा अर्थ लक्षात घेता मी त्यांना मार्गारेटबाई म्हणते. अर्थात त्यांनी जे केलं त्याला थोडं वेडही लागतंच.

मार्गारेटबाई 1912 साली मिसिसिपी राज्यात जन्मल्या. तिथल्या क्लीव्हलँड या गावातल्या डेल्टा स्टेट या लहानशा कॉलेजात त्या शिकत होत्या आणि बास्केटबॉलच्या संघाच्या कप्तान होत्या. 1932 साली कॉलेजनं मुलींचा संघच बंद करून टाकला. कारण दिलं ते आपल्या ओळखीचं आहे : हा खेळ बायकांच्या शरीराला झेपणारा नाही. मुली रडल्या, चिडल्या, आणि त्यांनी आपले खेळाचे गणवेश जाळले. त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

हा निर्णय फक्त पुरुषांच्या डोक्यातून आला असं समजण्याची चूक आपण करू नये. बायकांसाठी या खेळाचे वेगळे नियम आधीपासूनच होते. 1891 मध्ये खेळ निघाला आणि पुढच्याच वर्षी सेन्डा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींच्या कॉलेजात नेला. मैदानाचे भाग पाडून प्रत्येकीनं आपल्या भागातच खेळायचं, चेंडू हिसकावून घ्यायचा नाही, असे नियम त्यांनी केले. त्यामुळे मुलींना खेळता आलं हे खरं, आणि मुली दमतात या समजुतीवर शिक्कामोर्तब झालं हेही खरं. 1920 नंतर तर शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातल्या सुशिक्षित, मानाच्या स्त्रियांनीच मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना विरोध केला. स्पर्धा नको, सगळ्याजणींनी मिळून खेळावं, चहापान करावं, असं त्यांचं म्हणणं. त्यामागं एक भलं कारणही होतं. पुरुषांच्या खेळात पैसा, जुगार आणि तमाशा शिरलेला त्या पाहत होत्या आणि त्यापासून मुलींना जपू पाहत होत्या. पण जपण्याच्या नावाखाली दार बंद झालं, आणि ते बंद करताना मुलींना कुणी विचारलं नाही. आपल्या भल्यासाठी म्हणून आपल्याला न विचारता घेतलेले निर्णय आपण घरोघरी पाहतो. ते कधी बापाच्या तोंडून येतात, कधी आईच्या.

पदवी घेतल्यावर मार्गारेटबाई काही काळ बाहेरच्या संघातून खेळल्या. गुडघा दुखावला आणि खेळणं थांबलं. मग त्या शाळेत शिकवू लागल्या. क्लीव्हलँडच्याच हायस्कूलमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं मुलींचा संघ घडवला; 453 सामने जिंकले, 89 हरले, 6 बरोबरीत सुटले. 1959 मध्ये त्या डेल्टा स्टेट कॉलेजातच शारीरिक शिक्षणाच्या विभागात रुजू झाल्या. कॉलेज तेच, ज्यानं त्यांचा संघ मोडला होता. मुलींचा संघ मात्र अजून नव्हताच.

1972 मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. खेळ हा शब्दही त्यात नाही. पण कायद्याचा धाक आणि बायकांच्या चळवळीचा रेटा यांमुळे कॉलेजांना मुलींच्या खेळाचा विचार करणं भाग पडलं. 1973 साली, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, डेल्टा स्टेटनं मुलींचा संघ पुन्हा उभा करायचं ठरवलं आणि मार्गारेटबाईंना बोलावलं. त्या साठ वर्षांच्या होत्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. त्यांच्या तरुणपणी बायका सहा-सहा जणींच्या संघानं, वाटून दिलेल्या मैदानावर खेळत. आता पाच जणी आणि सगळं मैदान मोकळं. त्यांनी काम हाती घेतलं.

दुसऱ्याच हंगामात हा नवा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. 1975 च्या अंतिम सामन्यात त्यांनी इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक कॉलेजच्या संघाला 90-81 असं हरवलं. त्याआधीची तिन्ही वर्षं विजेतेपद त्या संघाकडे होतं. 1976 आणि 1977 लाही डेल्टा स्टेटच जिंकलं. मध्ये सलग 51 सामने त्यांनी गमावले नाहीत. हे सगळं मोठमोठ्या विद्यापीठांच्या नाकावर टिच्चून, कापूस पिकवणाऱ्या गरीब भागातल्या एका कॉलेजनं केलं.

पण ही हकिगत नुसती मार्गारेटबाईंची म्हणून सांगितली तर ती अर्धीच होईल. या संघाचा कणा होती लुशिया हॅरिस. सहा फूट तीन इंच उंचीची, मिंटर सिटी नावाच्या खेड्यातली, अकरा भावंडांतली दहावी, कापूस वेचत वाढलेली काळी मुलगी. 1955 साली चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला तो त्याच परिसरात. त्याच वर्षी लुशियाचा जन्म. डेल्टा स्टेट कॉलेजनं काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तोच मुळी 1967 मध्ये. ज्या हायस्कुलात मार्गारेटबाईंनी एकोणीस वर्षं मुली घडवल्या, ते गोऱ्यांचं हायस्कूल होतं. म्हणजे 1932 चं बंद दार गोऱ्या मुलींसाठी उघडून बंद झालेलं होतं. लुशियाच्या आईसाठी आणि आजीसाठी ते कधी उघडलंच नव्हतं. मार्गारेटबाईंच्या संघात लुशिया एकटीच काळी होती. आपल्या चळवळीला दलित स्त्रियांनी जो प्रश्न विचारला, तुमच्या 'आपण सगळ्याजणी'मध्ये आम्ही कुठे आहोत, तो इथेही विचारावाच लागतो. संघबांधणीचं श्रेय देताना कुणाच्या अंगमेहनतीवर तो उभा राहिला हे सांगितलंच पाहिजे. 1975 च्या त्या अंतिम सामन्यात 90 पैकी 32 गुण एकट्या लुशियाचे होते.

1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं आणि त्यातला पहिला गुण नोंदवला तो लुशियानं. देशाला रौप्यपदक मिळालं. आणि पुढं काय? 1977 मध्ये तिचं शिक्षण संपलं तेव्हा बायकांसाठी व्यावसायिक लीग नव्हतीच. पुरुषांच्या एका संघानं तिची निवड केली. ती तेव्हा गरोदर होती, तिनं नकार दिला. काही काळ एका नव्या, अल्पायुषी लीगमध्ये ती खेळली, मग शिकवत राहिली. मानसिक आजाराशीही तिला झगडावं लागलं. 2022 च्या जानेवारीत ती वारली. त्याआधीच्या वर्षी तिच्यावर निघालेल्या माहितीपटाला दोनच महिन्यांनी ऑस्कर मिळालं, आणि मग जगाला तिचं नाव कळलं. संघ उभा करणं हे काम मोठं खरंच, पण त्या संघातून बाहेर पडणाऱ्या मुलीला जायला जागा नसेल तर ते काम निम्म्यावरच थांबलेलं असतं.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. 1972 पूर्वी अमेरिकेत हायस्कूलच्या संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आता त्या तीस लाखांच्या वर आहेत. कायद्याचं आणि चळवळीचं हे यश निर्विवाद आहे. पण त्याच 1972 मध्ये कॉलेजांतल्या मुलींच्या संघांच्या प्रशिक्षक नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. आज हे प्रमाण निम्म्यापेक्षाही कमी आहे. मुली दहापट वाढल्या आणि शिकवणाऱ्या बायका मात्र मागे पडल्या. हे कसं झालं?

झालं ते असं. आधी या कामाला पैसा नव्हता, मान नव्हता. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका आपले वर्ग सांभाळून ते करत. पैसा आला, पगार आले, तशी ती नोकरी पुरुषांनाही हवीशी वाटू लागली. नेमणारे पुरुषच होते आणि अनुभवाची मोजपट्टी पुरुषांच्या खेळावरून ठरलेली होती. मुलींच्या सामन्यांचा कारभार पाहणारी बायकांनी चालवलेली एक संघटना 1971 पासून होती. मार्गारेटबाईंची तिन्ही विजेतेपदं तिच्याच स्पर्धांतली. जवळपास हजार कॉलेजं तिची सभासद झाली होती. 1981-82 मध्ये पुरुषांच्या बलाढ्य संघटनेनं मुलींच्या स्पर्धा आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली, मोठी कॉलेजं पैशाच्या आणि प्रसिद्धीच्या मागं तिकडे गेली, आणि बायकांची संघटना बंद पडली. समानतेच्या नावानं मुलींना मैदान मिळालं आणि बायकांच्या हातातला कारभार गेला. छोट्या कॉलेजांनी राष्ट्रीय विजेतेपद घेऊन जाण्याचे दिवसही त्याबरोबर गेले.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवं आहे का? फुकट करायचं तेव्हा काम बाईचं असतं. त्याला अनुदान मिळालं, पद मिळालं, सहीचा अधिकार मिळाला की पात्रतेचा प्रश्न निघतो. घरचा स्वयंपाक बाईचा आणि लग्नाचा आचारी पुरुष. पंचायतीत खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हेही आपण 1993 पासून पाहत आणि त्याच्याशी झगडत आलो आहोत. पण हे सगळं बाहेरच्या जगात चालतं असं मी समजत होते. आमच्या समितीत आठपैकी सहा बायका आहेत. तरी मानधन असलेलं पद पुरुषाकडे गेलं आणि बिनमानधनाचं काम बाईकडे. कुणी कट केला नाही. आम्ही फक्त 'पात्रता' हा शब्द न तपासता वापरला.

याला उत्तर दिलं जाईल ते मला ठाऊक आहे, कारण बैठकीत मीच ते दिलं होतं : शेवटी मुलींचं हित महत्त्वाचं, तंत्र शिकलेला माणूस हवा, दुखापत झाली तर काय करायचं हे त्याला कळतं. यात तथ्य आहे. जुनं ते सोनं म्हणून मुलींना कुणाच्याही हाती द्यावं असं मी म्हणत नाही. मार्गारेटबाईंनाही नुसत्या भावनेपोटी नेमलं नव्हतं. त्यांच्यामागं एकोणीस वर्षांचं काम होतं. पण ते काम त्यांना करता आलं, कारण संघ मोडला तरी शाळेत नोकरी मिळाली. आमच्या ताईंना तीही संधी नव्हती. ज्या समाजानं नववीत खेळ सोडायला लावला, त्यानंच पन्नाशीत अनुभवाचा दाखला मागायचा, हा न्याय नव्हे. दाखला हवाच असेल तर तो मिळवून देणं ही आमची जबाबदारी होती.

आणखी एक गोष्ट. बैठकीनंतर मी दोनदा मैदानावर गेले. मुलगा शिट्टी वाजवून कवायतीसारखं शिकवत होता. दोन मुली कट्ट्यावर बसून होत्या. त्यांना पाळी आली होती आणि सरांना कसं सांगायचं हा पेच होता. ताईंनी त्यांच्याशी चार शब्द बोलून एकीला उठवलं, दुसरीला बसू दिलं. मग तिसऱ्या एका मुलीला खांबापाशी कसं वळायचं ते पदर खोचून स्वतः करून दाखवलं. हे तंत्र नव्हे तर काय आहे? ते आमच्या अर्जाच्या नमुन्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, इतकंच.

म्हणून गटांपुढे मी काही गोष्टी विचारासाठी ठेवते. मुलींसाठी कुठलाही उपक्रम सुरू करताना आधी आपल्याच वस्तीत शोध घ्यावा : इथे कोण खेळत होती, कुणाचं कशामुळे थांबलं? अशा बाया आहेत, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रवासाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, नंतर बघू म्हणू नये. ने-आण, समजावणं, घरच्यांची परवानगी काढणं या कामांना मानधन असावं, कारण त्यांच्याशिवाय मैदानावर एक मुलगी येत नाही. आणि खेळ सोडावा लागलेल्या मुलीला पंच, गुणलेखक, मदतनीस प्रशिक्षक अशा कुठल्या तरी नात्यानं मैदानाशी बांधून ठेवावं, म्हणजे तीस वर्षांनी तिला पुन्हा शोधायची वेळ येणार नाही.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ताईंना त्या मुलाच्या बरोबरीनं सहप्रशिक्षक नेमावं, दोघांना सारखं मानधन द्यावं आणि ताईंना प्रशिक्षणाला पाठवावं, असा ठराव मी मांडणार आहे. पैसे कुठून आणायचे यावर वाद होईल, तो व्हावाही. हे सगळं लिहून झाल्यावर मी ताईंना विचारलं, ठराव मांडू ना? त्यांनी विचारलं ते एवढंच, "अंगणवाडी चारला सुटते. मैदानाची वेळ साडेचार करता येईल का?"